अहवाल आला, पुढे काय? धारावी आणि मुंबईच्या वॉर्ड वॉर रूमचे प्रकरण

१ एप्रिल २०२० रोजी धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि त्याच दिवशी शीव रुग्णालयात तो दगावला. देशव्यापी टाळेबंदीला तेव्हा एक आठवडा झाला होता. मुंबई महापालिकेच्या सूचना रोज निघत होत्या: घरात राहा, एकमेकांपासून अंतर ठेवा, हात वारंवार धुवा. सूचना चुकीच्या नव्हत्या. पण धारावीत त्या पाळायच्या कशा, याचं उत्तर त्या कागदावर कुठेच नव्हतं.

धारावी म्हणजे सुमारे अडीच चौरस किलोमीटरचा तुकडा. महापालिकेच्या अंदाजानुसार लोकसंख्या साडेआठ लाख. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं, वर पोटमाळ्यावर आणखी कुणी भाड्याने, खाली शिवणकामाची यंत्रं किंवा चामड्याचं काम. दहापैकी आठ रहिवासी सार्वजनिक शौचालयावर अवलंबून. पाणी ठरावीक वेळेला, तेही भरून ठेवायचं. अशा घरात 'स्वतंत्र खोलीत राहा' हा सल्ला ऐकून माणूस करणार काय? खोली एकच. घरात राहायचं म्हटलं तरी शौचालयासाठी आणि पाण्यासाठी बाहेर पडावंच लागतं, आणि दोन्हीकडे रांग असते.

या प्रकरणाचा अभ्यास मी 'धारावीने कोरोनाला हरवलं' ही कौतुककथा पुन्हा सांगण्यासाठी करत नाही. तिच्यावर भरपूर लिहून झालं आहे आणि तिच्यातल्या काही दाव्यांबद्दल मला शंकाही आहेत. मला पाहायचं आहे ते एवढंच, की साथीच्या काळात स्थानिक स्वराज्य संस्थेने दिलेली माहिती लोक कधी मानतात आणि कधी मानत नाहीत. मुंबईच्या दोन वर्षांतून मला दिसलेलं उत्तर असं: सूचना आणि मदत एकाच दारातून आली तेव्हा लोकांनी सूचना मानली. सूचना एका दाराने, मदत दुसऱ्या दाराने, किंवा मदत येणारच नाही अशी स्थिती असली, की लोकांनी आपापला मार्ग शोधला.

आदेशाचा प्रवास

मुंबईतल्या सामान्य रहिवाशापर्यंत एखादा आदेश पोहोचायचा तर तो बऱ्याच हातांतून जायचा. केंद्र सरकार आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली निर्देश काढायचं. राज्य सरकार त्याला १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार जोडून आपला आदेश काढायचं. मग महापालिका आयुक्त, मग पोलीस. शेवटी महापालिकेच्या चोवीस प्रशासकीय विभागांचे सहायक आयुक्त, म्हणजे ज्यांच्या कार्यालयाला मुंबईकर सरळ 'वॉर्ड ऑफिस' म्हणतो. धारावी जी उत्तर विभागात येते. दादर आणि माहीमही त्याच विभागात. त्या वेळी किरण दिघावकर तिथे सहायक आयुक्त होते.

एवढ्या हातांतून गेलेला आदेश अनेकदा पोहोचायच्या आत बदललेला असे. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात मुंबईत अत्यावश्यक नसलेली काही दुकाने आणि मद्यविक्री उघडण्याची परवानगी मिळाली, रस्त्यांवर झुंबड उडाली आणि दोन दिवसांत महापालिकेने ती परवानगी मागे घेतली. दुकानदाराने शटर वर करायचं की खाली, हे त्याला शेजारच्या दुकानाकडे बघून ठरवावं लागे. परिस्थिती बदलली की नियम बदलणं साहजिक आहे. पण नियम का बदलला आणि पुढचा नियम कधी सांगणार, हे कुणी सांगत नव्हतं. लोकांचा राग तिथे होता.

याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण १४ एप्रिल २०२० चं आहे. टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढवल्याचं त्या दिवशी सकाळी जाहीर झालं आणि दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले. गाड्या सुटणार अशी अफवा पसरली होती. त्या गर्दीकडे नियम मोडणारे म्हणून पाहिलं गेलं. माझ्या मते ती माहिती न मिळालेल्या लोकांची गर्दी होती. टाळेबंदी वाढली हे त्यांना कळलं होतं. त्या वाढीव दिवसांत त्यांनी खायचं काय आणि खोलीचं भाडं द्यायचं कुठून, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जिथे अधिकृत उत्तर नसतं तिथे अफवा शिरते. त्यात लोकांच्या अडाणीपणाचा संबंध येत नाही.

दारावरची टकटक

पहिल्या रुग्णानंतर धारावीत मुकुंद नगर, मुस्लिम नगर, सोशल नगर अशा वस्त्यांतून रुग्ण सापडू लागले. गल्ल्या सील झाल्या, बांबू आडवे बांधले गेले, पोलीस उभे राहिले. महापालिकेचे कर्मचारी तपासणीला गेले तेव्हा अनेक दारं उघडलीच नाहीत.

दारं न उघडण्यामागे कारणं होती आणि ती समजून न घेता पुढे गेलो तर हे प्रकरण कळणार नाही. ताप आहे असं सांगितलं की उचलून नेतील, कुठे नेतील ते ठाऊक नाही, परत कधी येणार ते ठाऊक नाही. कमावता माणूस गेला तर घरात उरलेल्यांनी खायचं काय? खोली बंद करून सगळेच गेले तर मागे सामानाचं आणि यंत्राचं काय? आणि परत आल्यावर गल्ली काय म्हणेल? मार्चमध्ये राज्यात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले होते. तो शिक्का आरोग्याच्या सोयीसाठी होता, पण पाहणाऱ्याच्या मनावर उमटला तो गुन्हेगाराचा शिक्का. त्यातच मे महिन्यात शीव रुग्णालयातली एक चित्रफीत मोबाइलवरून फिरली. वॉर्डात मृतदेह आणि शेजारच्या खाटांवर रुग्ण. रुग्णालयात जाणं म्हणजे काय, याची धारावीची कल्पना त्या चित्रफितीने ठरवली. महापालिकेच्या दहा प्रसिद्धिपत्रकांनी ती पुसली जाणार नव्हती.

मग दारं उघडली कशी? एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात महापालिकेने धारावी-माहीम परिसरात वर्षानुवर्षं दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं. टाळेबंदीच्या सुरुवातीला बरेच दवाखाने बंद होते. डॉक्टरही घाबरले होते, त्यांच्याकडे पीपीई किट नव्हते, आणि सरकारकडून दवाखाने उघडा नाहीतर कारवाई करू असे इशारे येत होते. धारावीत इशाऱ्याऐवजी किट आणि मास्क दिले गेले. डॉक्टर बाहेर पडले. मुलाच्या गोवरापासून म्हातारीच्या दम्यापर्यंत सगळं ज्याला दाखवलं आहे तो ओळखीचा डॉक्टर दारात उभा राहिला तेव्हा दार उघडलं. शरीराचं तापमान मोजणं तर कुणालाही जमतं. 'मावशी, चार दिवसांपासून खोकताय का?' या प्रश्नाला खरं उत्तर मिळणं प्रश्न कोण विचारतो यावर अवलंबून असतं.

एप्रिलच्या उकाड्यात, अंगाला अंग घासणाऱ्या गल्ल्यांत, पूर्ण किट घालून दारोदार फिरणं फार दिवस शक्य नव्हतं. म्हणून तपासणी लवकरच ताप तपासणी शिबिरांकडे वळवली गेली: वस्तीत मोकळ्या जागी टेबल, थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, डॉक्टर. माणूस स्वतः चालत येऊ लागला. सोबत महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका गल्लीगल्लीत ज्येष्ठांच्या आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांच्या याद्या करत होत्या. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कोण गावाला गेलं, कोणत्या माळ्यावर चार नवे भाडेकरू आले, हे या बायकांना तोंडपाठ असतं. संगणकातली कुठलीही यादी त्यांच्या माहितीच्या जवळपास जाणार नाही.

दुसरी गोष्ट विलगीकरणाची. घरात विलगीकरण शक्य नाही हे जी उत्तर विभागाने लवकर मान्य केलं आणि संस्थात्मक विलगीकरणाची जागा धारावीतच शोधली. राजीव गांधी क्रीडा संकुल आणि महापालिकेच्या शाळा ताब्यात घेतल्या. एक खासगी रुग्णालयही ताब्यात घेतलं. पुढे महाराष्ट्र निसर्ग उद्यानाच्या आवारात दोनशे खाटांचं रुग्णालय उभं राहिलं. केंद्र घराजवळ असल्यामुळे 'उचलून नेणं' याचा अर्थच बदलला. आई कुठे आहे ते मुलाला माहीत होतं, फाटकापर्यंत जाऊन तो कपड्यांची पिशवी देऊ शकत होता. तिथे दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, औषध मिळत होतं. रमजान सुरू झाला तेव्हा रोजा ठेवणाऱ्यांसाठी फळं आणि खजूर वेळेवर पोहोचवण्याची व्यवस्था केली गेली. कुणाला ही बाब किरकोळ वाटेल. पण आत गेलेल्या माणसाने घरी फोन करून 'इथे इफ्तारला खजूर मिळाला' असं सांगितलं, की त्या घरातला पुढचा माणूस तपासणीला यायला तयार होतो.

शौचालयांचं निर्जंतुकीकरण दिवसातून अनेकदा होऊ लागलं, हात धुण्याची सोय दारातच झाली. धारावीत संसर्गाची सर्वांत मोठी सामायिक जागा हीच होती आणि तिथे पत्रक चिकटवून काही साधणार नव्हतं. साबण आणि पाणीच लागणार होतं.

शिधा

सील झालेल्या गल्लीत सूचना पाळण्याची किंमत रोजंदारीवाल्याला रोज मोजावी लागत होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या माहितीनुसार महापालिकेने धारावीच्या प्रतिबंधित क्षेत्रात २५,००० हून अधिक किराणा किट आणि दुपार-रात्रीच्या जेवणाची २१,००० पाकिटं पुरवली. सामाजिक संस्था, गणेशोत्सव मंडळं, मशिदी, गुरुद्वारे यांनी केलेलं वाटप वेगळं.

शासकीय धान्याची व्यवस्था कागदावर भक्कम दिसते. एप्रिलपासून प्रधानमंत्री गरीब कल्याण योजनेखाली अन्नसुरक्षेतल्या लाभार्थ्यांना माणशी पाच किलो धान्य मोफत मिळू लागलं. राज्याने केशरी कार्डधारकांना मे आणि जूनसाठी माणशी तीन किलो गहू आठ रुपये दराने आणि दोन किलो तांदूळ बारा रुपये दराने द्यायचं ठरवलं. शिवभोजन थाळी दहा रुपयांवरून पाच रुपयांवर आली. या तिन्ही योजना चांगल्या होत्या. पण धारावीतल्या कारखान्यात झोपणाऱ्या, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कारागिराचं रेशनकार्ड गावी होतं. त्याच्यासाठी पहिली दोन्ही दारं बंद. त्याला वाटपाचं पाकीट मिळालं तर मिळालं. त्याला काय मिळू शकतं आणि काय मिळणार नाही, हे एका जागी, त्याच्या भाषेत, सांगणारं कुणी नव्हतं. धारावीत मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, गुजराती या सगळ्या भाषा घरात बोलल्या जातात. मराठी आणि इंग्रजी पत्रक त्यातल्या कित्येकांसाठी नुसता कागद होता. ध्वनिक्षेपक लावून फिरणाऱ्या गाड्या, मशिदीतून आणि मंडळातून केलेल्या घोषणा आणि गल्लीतल्या कुणीतरी भाषांतर करून पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश, यांनी ती उणीव काही प्रमाणात भरली.

गावी जाणाऱ्यांचं प्रकरण तर फारच वाईट हाताळलं गेलं. १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुटल्या. नाव नोंदवायला पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा, सोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडायचं. ज्याच्या खिशात पैसे संपले म्हणून तो गावी निघाला होता, त्याला दवाखान्यासमोर रांग लावून प्रमाणपत्र मिळवावं लागलं. पुढे ती अट काढली आणि तपासणी मोफत झाली. पण अर्ज दिल्यावर गाडी कधी, याचं उत्तर कित्येकांना मिळालं नाही. रोज ठाण्यात जाऊन विचारायचं आणि परत यायचं. असंख्य लोक शेवटी पायी आणि ट्रकमधून निघाले. धारावीच्या यशाची गोष्ट सांगताना या निघून गेलेल्या लाखोंचा उल्लेख टाळला जातो. वस्ती काही काळ रिकामी झाली हेही रुग्ण कमी होण्याचं एक कारण होतं. ते नाकारून काय मिळणार?

एक नंबर, मग चोवीस

आता शहराच्या पातळीवर येऊ. मुंबईकरांना आपत्कालीन मदतीसाठी १९१६ हा महापालिकेचा क्रमांक वर्षानुवर्षं ठाऊक होता. पावसाळ्यात पाणी तुंबलं, झाड पडलं की तोच फिरवायचा. एप्रिल-मेमध्ये कोरोनाचं सगळं ओझं त्याच क्रमांकावर पडलं. खाट हवी, रुग्णवाहिका हवी, अहवाल आला का, इमारत सील का केली, सगळ्याला एकच नंबर. फोन लागायचा नाही, लागला तरी पलीकडचा माणूस खाट कुठे रिकामी आहे ते सांगू शकत नव्हता, कारण ती माहिती त्याच्यासमोर नव्हतीच. माहितीचं केंद्र एक होतं आणि निर्णयाचं केंद्र दुसरीकडे. रुग्णाचे नातेवाईक गाडी घेऊन एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत राहिले. त्यात कित्येकांचे जीव गेले.

८ मे २०२० रोजी प्रवीण परदेशी यांच्या जागी इक्बालसिंह चहल महापालिका आयुक्त झाले. जूनमध्ये चोवीस विभागांत चोवीस वॉर रूम उभ्या राहिल्या. नाव लष्करी आहे, मला ते फारसं आवडत नाही, पण रचना साधी आणि विचारपूर्वक होती. प्रयोगशाळांनी अहवाल महापालिकेकडे पाठवायचे. ते विभागानुसार वेगळे व्हायचे आणि सकाळी त्या-त्या वॉर रूममध्ये यादी पोहोचायची. मग तिथून रुग्णाला फोन जायचा. त्रास काय होतो, घरात किती माणसं, शौचालय स्वतंत्र आहे का, इतर आजार आहेत का, हे विचारून ठरायचं: घरीच राहा, केंद्रात या, की लगेच खाट. खाटेची माहिती शहरभराच्या एकत्रित डॅशबोर्डवर दिसायची, त्यामुळे वॉर रूममधला डॉक्टर रुग्णालयाचं नाव सांगूनच फोन ठेवू शकत होता. रुग्णवाहिकाही तिथूनच निघायची.

यातला सर्वांत मोलाचा बदल असा, की फोन करण्याची जबाबदारी रुग्णाकडून महापालिकेकडे गेली. आधी घाबरलेलं कुटुंब यंत्रणेला शोधत होतं, आता यंत्रणा कुटुंबाला शोधू लागली. 'तुम्ही पॉझिटिव्ह आहात' हे वाक्य आणि 'आता असं करा' हे वाक्य एकाच फोनवर आलं. धारावीत दारावरच्या डॉक्टरने जे केलं तेच शहरात टेलिफोनने करण्याचा हा प्रयत्न होता.

पण याच रचनेत एक चूक शिरली. जूनच्या मध्यावर महापालिकेने प्रयोगशाळांना सांगितलं की पॉझिटिव्ह अहवाल थेट रुग्णाला देऊ नका, तो आमच्याकडेच द्या. हेतू कळण्यासारखा होता. अहवाल हातात पडताच लक्षणं नसलेली, ओळख असलेली माणसं मोठ्या रुग्णालयात खाटा अडवून बसत होती आणि गंभीर रुग्ण बाहेर राहत होता. तरीही माणसाला त्याच्याच शरीराबद्दलची माहिती न देणं योग्य नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात याची दखल घेतली आणि अहवाल रुग्णाला आणि त्याच्या कुटुंबीयांना मिळालाच पाहिजे असं सांगितलं. मला न्यायालयाचं म्हणणं पटतं. खाटेचं वाटप वॉर रूमने नियंत्रित करावं, कागद मात्र रुग्णाचा. वॉर रूमचा फोन वेळेत येणार असेल तर अहवाल हातात असलेला माणूसही त्या फोनची वाट पाहतो. फोन येत नसेल तर अहवाल अडवून काहीच साधत नाही. जुलैमध्ये महापालिकेने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय चाचणी करून घेण्याची मुभा दिली, तेही याच दिशेचं पाऊल होतं.

आकडे

माहितीवरचा विश्वास आकड्यांवरही ठरतो. १६ जून २०२० रोजी मुंबईच्या मृत्यूंच्या नोंदीत आधी न धरलेल्या ८६२ मृत्यूंची भर पडली. एका दिवसात. रोज संध्याकाळी महापालिकेचं पत्रक वाचणाऱ्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं असेल? नोंदी जुळवायला वेळ लागतो, रुग्णालयांकडून कागद उशिरा येतात, हे खरं आहे. मग ते आधीच सांगायला हवं होतं: हा आकडा तात्पुरता आहे, इतक्या नोंदी तपासायच्या बाकी आहेत. मागच्या नोंदी उघडपणे दुरुस्त केल्या हे योग्यच झालं, आणि ते लपवण्यापेक्षा शतपटीने चांगलं. पण आधीची शांतता महागात पडली.

धारावीच्या आकड्यांबाबतही सावध राहिलं पाहिजे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार तिथला रुग्णवाढीचा दर एप्रिलमध्ये १२ टक्के होता, मेमध्ये ४.३ टक्के आणि जूनमध्ये १.०२ टक्के. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस घेब्रेयेसस यांनी धारावीचा उल्लेख इटली, स्पेन, दक्षिण कोरिया यांच्या रांगेत केला. २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या रुग्णानंतर प्रथमच धारावीत एकही नवा रुग्ण नोंदला गेला नाही. हे सगळं खरं. पण जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईच्या तीन विभागांत केलेल्या रक्तचाचण्यांत झोपडपट्ट्यांतल्या ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, इमारतींत १६ टक्के. धारावी त्या पाहणीत नव्हती, पण शेजारचा एफ उत्तर विभाग होता. म्हणजे अशा वस्त्यांत विषाणू बराच पसरून गेला होता आणि बहुतेकांना ते कळलंही नव्हतं. मग रुग्ण कमी झाले ते प्रयत्नांमुळे की संसर्ग होऊन गेल्यामुळे? मला वाटतं दोन्हीमुळे, आणि कोणाचा वाटा किती हे ठामपणे सांगणं अवघड आहे. प्रयत्नांचं मोल मी वेगळ्या जागी मोजतो. लवकर सापडलेला रुग्ण वेळेत प्राणवायूपर्यंत पोहोचतो. संसर्ग थांबला नसेल तरी त्या शिबिरांनी माणसं वाचवली.

दुसरी लाट

२०२१ च्या एप्रिलमध्ये धारावीने ८ तारखेला एका दिवसात ९९ रुग्ण पाहिले. पहिल्या लाटेतला तिथला सर्वोच्च आकडा ९४ होता. या वेळी शहरातला मोठा भार इमारतींवर आला. इमारतीतल्या रहिवाशाला शिध्याची चिंता नव्हती, त्याला खाट आणि प्राणवायू हवा होता. समाजमाध्यमांवर मदतीच्या हाका भरून वाहत होत्या, आणि दिल्लीसारख्या शहरांत तर नागरिकांनीच खाटांच्या याद्या करून यंत्रणेचं काम अंगावर घेतलं होतं. मुंबईत त्या हाका कमी नव्हत्या, पण त्यांना जोडून द्यायला वॉर रूम होत्या. १७ एप्रिलच्या पहाटे प्राणवायू कमी पडू लागला म्हणून सहा रुग्णालयांतून १६८ रुग्ण हलवले गेले. ज्या शहरात वर्षभरापूर्वी एका रुग्णाला रुग्णवाहिका मिळायला तासन् तास लागत होते, तिथे एका रात्रीत हे झालं. ५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या प्राणवायूबद्दलच्या सुनावणीत मुंबईकडून शिकायला सांगितलं.

त्याआधी, मार्च २०२१ मध्ये धारावीतल्या 'छोटा सायन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात लसीकरण सुरू झालं. सुरुवातीला प्रतिसाद थंड होता. नोंदणी ॲपवर, आणि घरातला एकुलता स्मार्टफोन कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात. शिवाय लस घेतल्यावर ताप येतो म्हणजे एक दिवसाची मजुरी जाते. पुन्हा त्याच आरोग्य स्वयंसेविका दारोदार गेल्या. बोलावून, समजावून, हाताला धरून म्हाताऱ्यांना केंद्रावर आणलं.

या बायकांना मिळतं ते मानधन. पगार नाही. साथीच्या काळात त्यांना टाळ्या मिळाल्या, फुलं मिळाली, भत्त्यासाठी मात्र आंदोलनं करावी लागली. ज्यांच्या शब्दावर वस्तीने दार उघडलं, त्यांना महापालिकेची कायम कर्मचारी म्हणवून घेता येत नाही. पुढच्या साथीची तयारी म्हणून कुठल्याही महापालिकेने एकच गोष्ट करायची ठरवली, तर मी खाटांच्या आणि डॅशबोर्डच्या आधी हा प्रश्न घेईन.

हिशेबाचं दारही अजून नीट उघडलेलं नाही. टाळेबंदीत स्थलांतरितांना वाटलेल्या खिचडीच्या कंत्राटांची चौकशी मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी महापालिकेच्या कामांचं विशेष परीक्षण केलं तेव्हा साथीच्या काळातल्या खर्चाची कागदपत्रं साथरोग कायद्याचा आधार देऊन त्यांना दिली गेली नाहीत. ज्या कायद्याखाली लोकांना घरात बसवलं, त्याच कायद्याखाली हिशेब झाकला जावा हे मला मान्य नाही. किट किती आले, कुणाला गेले, किती दराने घेतले, ही माहितीसुद्धा रहिवाशांना द्यायच्या माहितीतच मोडते.

आणि नगरसेवक. साथीत ते कुठे होते याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. काहींनी किटच्या पिशवीवर स्वतःचा फोटो छापला, काहींनी रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेसाठी फोन उचलला. पण वॉर रूमचा फोन लागला नाही की धारावीतला माणूस ज्याच्या घरी जाऊन उभा राहू शकत होता, तो नगरसेवकच होता. ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, आयुक्त चहल हेच प्रशासक झाले, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं निवडणूक झाली नाही. त्या काळात पुन्हा साथ आली असती तर चोवीस वॉर रूम बहुधा आठवड्याभरात उघडल्या असत्या. दोनशे सत्तावीस प्रभागांतली ती माणसं मात्र त्यांच्या जागी नसती.